ऋताचा योरुबा नमस्कार

पासिर रिस, सिंगापूर
रविवार

ती. सौ. रत्नाताईस,

धाकट्या निशिकांतचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग कागदावरच, गुडघा अजून धरलेला आहे.) भाऊजींचा खोकला कसा आहे? इथे सगळे खुशाल आहेत, मी सोडून.

तुला वाटत असेल, नातीला मराठी शिकवायला आलेला हा निवृत्त मास्तर एव्हाना तिच्याकडून श्लोक म्हणून घेत असेल. कपाळ माझं! ऋता सात वर्षांची झाली. घरात इंग्रजी, शाळेत हिंदी आणि मराठीत एकच शब्द, 'नको'. (तोही माझ्या हातच्या उपम्याला.) आमचे चिरंजीव कुशल चांगी बिझनेस पार्कातून दमून येतात आणि लेकीशी इंग्रजीत बोलतात, कारण म्हणे तेवढंच पटकन होतं. मुलाला मराठीत वाढवलं ते याचसाठी का, असं विचारलं की हेडफोन लावतात.

म्हणून मी आमच्या ब्लॉकखालच्या मोकळ्या जागेत (इथे तिला वॉइड डेक म्हणतात, लग्नं, मयतं, बुद्धिबळ सगळं तिथेच) दर शनिवारी मराठीचा वर्ग काढला. मराठी घरातली चार मुलं जमली. अंकलिप्या वाटल्या, 'क' पानभर गिरवायला दिला, शिस्तीत. पण त्याच वेळी खांबापलीकडे फोलाकेबाई स्वतःच्या मुलांना योरुबा शिकवत होत्या. बाई नायजेरियाच्या, नवरा हार्बरफ्रंटला बोटींच्या कंपनीत. तिकडे लबाड कासवाच्या गोष्टी, टाळ्या, गाणी. दुसऱ्या शनिवारी माझा अख्खा वर्ग खांब ओलांडून गेला, आमच्या रत्नासकट. (तू नव्हेस, ऋताला उद्देशून आहे.) मी एकटा अंकलिप्या राखत बसलो. मधुरा, सूनबाई, म्हणते, "बाबा, निदान आयपॅड तरी सुटला."

पुढे ऐक. एके सकाळी ऋता माझ्यापुढे आली, दोन्ही गुडघे टेकले, मान लववली आणि म्हणाली, "ए काआरॉ!" हा म्हणे वडीलधाऱ्यांना करायचा सकाळचा नमस्कार. ताई, ज्या पोरीने दिवाळीत 'फीट डर्टी लाह' (हे 'लाह' म्हणजे इथलं शेपूट, आपल्या 'ना'सारखं) म्हणून मला वाकून नमस्कार केला नाही, ती परक्या भाषेत माझ्यापुढे गुडघ्यांवर! मला रडू आलं, आणि रागही. मी म्हटलं, "औक्षवंत हो." ती हलेना. "राँग लाह, आजोबा. यू मस्ट आन्सर, देन आय स्टँड." (आजोबा! पहिल्यांदाच म्हणाली. एरवी 'हाय'.) मला उत्तर येईना. शेवटी मधुराने तिला उचलून शाळेच्या बसमध्ये बसवलं.

मी तडक फोलाकेबाईंच्या दारात. माझी पोरं पळवलीत, असं तावातावाने बोलायला तोंड उघडलं, तर मला पाहताच बाई गुडघ्यांवर! मी वयाने मोठा ना. गुडघे टेकलेल्या बाईशी भांडायचं कसं, हे बीएडला शिकवलं नव्हतं. तरी भांडलो. बाई हसून म्हणाल्या, "सर, शनिवारी तुम्हीही येऊन बसा." मी म्हटलं, "मी जन्मभर भाषा शिकवली. शिकायला बसणार नाही." आणि त्यांनी आणलेलं पाणी न पिता निघून आलो. तेव्हापासून लिफ्टमध्ये त्या दिसल्या की मी जिन्याने जातो.

असो. मराठीचं काय होणार, हा प्रश्न मी आता देवावर सोडला आहे. भाऊजींना नमस्कार.

तुझा,
निशिकांत

ता. क. तू पाठवणार होतीस ती बालगीतांची पुस्तकं राहू देत. तुझा यशोधन बोटीवर आहे, त्याची बोट नायजेरियात लागोसला लागते ना? तिथल्या एखाद्या म्हाताऱ्याला विचारून घे म्हणावं, पोर अशी गुडघे टेकून बसली की आजोबाने काय म्हणायचं. देवनागरीत लिहून पाठव, ठळक. कुशलला यातलं काही कळू देऊ नकोस.

आणखी ता. क. एवढे दिवस ऋता रोज गुडघे टेकायची, जरा वाट पाहायची आणि उठून जायची. आज दारातूनच 'बाय' म्हणाली. पत्र लिहीत बसू नकोस, ताई. फोन कर.