‘पोचलीस का?’खाली साठलेले मेल

प्रिय फ्लोरा,

मेल नाही, पत्रच लिहितेय. तुझा मेलचा पत्ता बंद केला, असं तुझ्या लेकीनं, ऑर्नानं कळवलंय. मग तुला सांगायचं कुठे? आणि सांगायचं तर आहेच, कारण इतके दिवस मी रोह्याच्या घरात बसून फक्त तुझंच काम करतेय.

झालं असं. तुला जाऊन वर्ष होत आलं, तेव्हा तिचा अश्दोदहून, पार इस्रायलहून फोन आला. तोडक्यामोडक्या मराठीत म्हणाली, आईच्या वर्षाच्या दिवशी मला तिच्यासारखा मलिदा करायचाय, तुला लिहिला होता ना तिनं? लिहिला होतास. पोहे, गूळ, खोबरं, सगळं. आत्ता सांगते म्हणून मी कॉम्प्युटर उघडला, तर मलिदा सापडेना.

कसा सापडेल गो? मराठी तू इंग्रजी अक्षरांत लिहायचीस, आणि एकदा केलेलं स्पेलिंग पुन्हा करायचं नाही, असा तुझा नेमच! पेणच्या शाळेतही शुद्धलेखनाचे मार्क तुझे असेच जायचे. त्यात विषयाची जागा. तू इथे येऊन परत गेलीस तेव्हा मी पहिला मेल केला, ‘पोचलीस का?’ त्याला तू उत्तर दिलंस, आणि पुढे इतकी वर्षं त्यालाच उत्तरं देत राहिलीस. ऑर्नाचं लग्न, तुझ्या नवऱ्याचं आजारपण, तिथले सायरन, फसलेली वांगी, सगळं ‘पोचलीस का?’खाली. एकदा तरी विषय बदलावा असं वाटलं नाही तुला?

ऑर्नाला म्हटलं, शोधून ठेवते. फोन ठेवला आणि मला धास्तीच बसली. पेणच्या आपल्या आळीतली तुम्हा बेने इस्रायलांची घरं एकेक करून रिकामी झाली, सगळे तिकडे गेलात. तुमच्या अंगणातले आपले खेळ आठवणारी आता मी एकटीच. तुझं लिहिणं तेवढं माझ्याकडे आहे, असं मी धरून चालले होते. आणि ते डोळ्यांसमोर असून हाती लागेना.

पुण्याला मुलाला फोन केला. शोध म्हटलं की सगळं येतं आई, कशाला डोकं शिणवतेस, म्हणाला. येत असतं तर त्याला फोन कशाला केला असता? शेवटी बाजारातल्या झेरॉक्सवाल्याकडे गेले. सगळे मेल एकाच माळेत ओवलेत, म्हणाला. एकेक उघडा, विषयाच्या जागी नवं नाव घाला आणि स्वतःलाच पाठवा, म्हणजे सुटे होतील. मग त्यांचे गठ्ठे कसे करायचे तेही त्यानं दाखवलं.

शाळेच्या ऑफिसात जन्म गेला माझा, गठ्ठ्यांची मला काय भीती! आधी बाब, मग नाव, मग साल. मराठीत एकदा आणि इंग्रजी अक्षरांत एकदा, म्हणजे ऑर्नालाही शोधता येईल. ‘स्वयंपाक’ झाला, ‘पेणचं घर’ झालं, ‘दुखणी’ झाली. ‘भांडणं’ असाही एक करावा लागला. तो बराच जाड झालाय.

यात एकच गोष्ट मला झेपेना. स्वतःला पाठवलेला मेल आला की टिंग वाजतं. हे गेल्यापासून या घरात माझ्यासाठी तेवढाच एक आवाज व्हायचा, आणि तो तुझा असायचा. टिंग झालं की हात आपोआप चष्म्याकडे जायचा. उघडून बघावं, तर पाठवणारी मीच. मग काम तसंच टाकून खिडकीत बसायचे. खालून कंपन्यांच्या शिफ्टच्या गाड्या जायच्या. वर कोण बघतंय?

मलिदा सापडला, पण अर्धा! पोहे भिजवलेस, निथळत ठेवलेस, आणि पुढे लिहिलंस, ‘दारात कोण आलाय बघते, बाकीचा उद्या.’ तुझा तो उद्या अख्खा पावसाळा उलटल्यावर आला, तोही गुडघेदुखीच्या मेलच्या तळाशी. एकेक वाचत गेले म्हणून हाती लागला.

शुक्रवारी ऑर्नाला फोन लावला. इंग्रजी अक्षरांतलं असलं तरी मराठी तिला वाचून लागत नाही, ऐकलेलं कळतं. मी वाचत गेले, ती तिकडे करत गेली. ‘साखर नाय घालायची, गूळ. आणि खोबरं चिमटीनं काय घालतेस गो कुंदे, मूठ भरून घाल.’ वाचताना तुझाच हेल आला तोंडात. पलीकडचा भांड्याचा आवाज थांबला. मला वाटलं, फोन कटला.

"मावशी," ती म्हणाली, "आई घरात अशीच बोलायची. माझ्याकडे तिचे मेसेज आहेत ना, ते सगळे हिब्रूत आहेत."

मग मी विचारलं, अजून वाचू का, पुष्कळ आहेत. हो म्हणाली. ‘पेणचं घर’ उघडून तुझ्या बाबांच्या तेलाच्या घाण्याचा मेल वाचला. शनिवारी घाणा बंद, तेव्हा बैलालाही सुट्टी, हे तिला ठाऊकच नव्हतं. तू कधी सांगितलंच नाहीस का गं तिला?

संध्याकाळी तिनं मलिद्याच्या ताटाचा फोटो पाठवला. गुलाबाच्या पाकळ्यासुद्धा होत्या वर.

आता दर शुक्रवारी, शब्बाथचे दिवे लावायच्या आधी तिचा फोन येतो आणि मी एक मेल वाचते. माझा पासवर्ड तिला देऊन ठेवलाय. मुलाला यातलं काही नको आहे, आणि माझ्यामागे हे गठ्ठे उघडणारं कुणीतरी हवं. उरलेले सहा दिवस घर पूर्वीसारखंच असतं. ते तुला सांगून काय उपयोग?

तुला शब्द देते, सगळे वाचून दाखवीन. भांडणंसुद्धा, आणि माझी बाजू न सावरता. परवा मी जरा भरभर वाचत होते, तर मध्येच थांबवून म्हणाली, "मावशी, हळू वाच. संपतील."

हळूच वाचीन गो. मला तरी कुठे जायचंय?

तुझी,
कुंदा