सत्याप्पाच्या बाकावर

खासबाग, बेळगाव
१२ मार्च १९८४

सत्याप्पा,

दर रविवारी तुझ्या शेजारी बसून तोंडातनं निघत न्हाय ते लिहितोय.

तुला पहिल्यांदा लाल लघवी झाली तवा आपण सगळे हसलो. रंगाऱ्याला रंगीतच होणार, म्हणालो. तूही हसलास आणि वर्षभर दवाखान्यात गेलाच न्हाईस. मग मूत्राशयाचा कॅन्सर निघाला, लघवीसाठी पोटाला पिशवी लागली, तरी तू कामावर आलास. सत्याप्पाचा वास साड्यांना लागतोय, असं मालकांना मी जाऊन सांगितलं. वास येत नव्हता. मला तुझ्या जागी मुख्य रंगारी व्हायचं होतं. मालकांनी तुला काढलं, मला नेमलं.

रंगाच्या त्याच हौदावर पाच वर्षं उभा राहिलो आणि माझ्याही पोटाला पिशवी आली. आता बायको ताट दारातनं सरकवती. तुझ्याकडं आलो, तर तू बाकावर सरकून जागा केलीस. "बस रं मायाप्पा. आता कुणाचा वास कुणाला?" म्हणालास. पिशवी धुवायची कशी, पट्टा बांधायचा कसा, सगळं तूच शिकवलंस.

गेल्या महिन्यात विचारलंस, "मालकांना कुणी सांगितलं असंल रं?" आपल्याबरोबरचा सुबराव मेलाय, म्हणून मी त्याचं नाव घेतलं. तवापासनं तू त्याच्या विधवेशी बोलत न्हाईस.

हे पत्र तुला देणार न्हाय. तू उठून गेलास तर माझ्याजवळ बसायला दुसरं कोण हाय?

रविवारी येतो. पट्टा ढिला झालाय, तेवढा आवळून दे.

तुझ्या शेजारचा,
मायाप्पा