डांबराच्या गोळ्यांचा वास

आई, तुझी ती हिरवी पत्र्याची ट्रंक मी उघडली. रागावू नकोस. तुझ्या नातीला मुलगा झाला, आणि बारशापर्यंत बाळाच्या अंगाला नवं कापड लावायचं नाही, हे माझ्या घरात तरी अजून चालतं. जुन्या, मऊ पडलेल्या लुगड्याची झबली, त्याचीच दुपटी. झाकण वर केलं आणि डांबराच्या गोळ्यांच्या वासासकट तू समोर उभी राहिलीस. जामबागच्या शाळेत शास्त्राचा तास घेऊन आलीस की तुझ्या पदराला हाच वास असायचा, वर थोडी खडूची धूळ. मी लुगडं फाडलं, झबली शिवली, पण धुतली मात्र नाहीत. गच्चीवर जरा वारा दिला, तेवढंच. पणतूला पणजीची एवढी तरी ओळख होऊ दे, असं मनात आलं.

नारायणगुड्याच्या घरी आणल्यावर दोन-तीन दिवसांतच बाळाचे डोळे पिवळे दिसायला लागले. मी घाबरले, तर लेक म्हणाली, "टेन्शन नक्को घेऊ आई, न्यूबॉर्नला होतंच ते." दवाखान्यात निळ्या दिव्याखाली ठेवलं, उतरलं, घरी आणलं. आणि पुन्हा चढलं, पहिल्यापेक्षा जास्त. आता बाळ दूध ओढत नाही, रडतसुद्धा नाही, लंगोटाला कोऱ्या चहासारखा डाग. पुन्हा दवाखाना. या वेळी डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. "खून टूट रा अम्मा, बच्चे का. कायकू टूट रा वो समझ में नै आ रा. ऐसाच चला तो खून बदलना पड़ता."  माझ्या डोळ्यांपुढे दादा आला, ज्याला मी कधी पाहिलंच नाही.

माझ्याआधीचा तो. असाच पिवळा होऊन बारशाआधी गेला. आजीने, म्हणजे तुझ्या सासूने, निकाल तिथल्या तिथे दिला होता: पोटुशी असताना ग्रहणात भाजी चिरलीस, त्याचं हे फळ. माझ्या वेळी ग्रहण लागलं तेव्हा तू स्वयंपाकघरात उघड्यावर बसून कांदा चिरलास. मी धडधाकट निघाले. सासूचं तोंड बंद झालं, पण तुझं समाधान झालं नाही. पोळ्या लाटता लाटता तू म्हणायचीस, "ग्रहण नव्हतं हे कळलं गं. मग काय होतं, ते नाही कळलं." आणि मग हमखास, हळूच, "माझ्या आईच्या लुगड्यात गुंडाळलं होतं त्याला. आजीचं तेवढंच मिळालं पोराला."

दवाखान्याच्या बाकावर मला तुझा एक रट्टा आठवला. दही लागलं नव्हतं, मी थंडीला दोष दिला होता. तू दोन वाट्या मांडल्यास. मी अक्कल चालवून एक चुलीपाशी ठेवली आणि तिच्यातच विरजणही जास्त घातलं. पाठीत रट्टा बसला. "दोन गोष्टी एकदम बदलल्यास, आता कुणाला जाब विचारणार? एक बदल, बाकी सगळं तसंच ठेव, मग बघ." वर दोन्ही वाट्यांतलं मलाच खायला लावलंस. तर मी बाकावर बसून मोजायला घेतलं: इथे बरं होतं, घरी बिघडतं. दूध तेच, आई तीच. दिवा? पण दिव्याने पिवळेपणा उतरेल, रक्त फुटायचं कसं थांबेल? इथे काय नसतं, जे घरी असतं? पिशवीतलं दुपटं मी नाकाला लावलं. डांबराच्या गोळ्या.

मी तशीच उठून डॉक्टरीणबाईंकडे गेले. खात्री करायला तेच दुपटं पुन्हा घालून बघण्याची सोय नव्हती, बाळ म्हणजे दह्याची वाटी नव्हे. त्यांनी नुसता वास घेतला. "फिनाईल की गोलियां? अम्मा, आप पहले बोलना था ना!" लगेच दुसऱ्या तपासणीला रक्त गेलं. तिचा कागद येईपर्यंत मी लेकीकडे बघू शकले नाही. झबली मी शिवली होती ना.

कागदाने खरं काय ते सांगितलं. बाळाच्या रक्तात एक द्रव्य कमी आहे, जन्मापासूनच, आणि या गोळ्यांचा वास असल्या रक्ताला सोसत नाही. रक्त बदलावं लागलं नाही. बाळ आता दूध पितं, पाय झाडतं. नंतर बाईंनी मला समजावलं की हे रक्त खोटं नाही, जुनं आहे. जिथे हिवतापाने माणसं मरायची, तिथे असल्या रक्तात त्या तापाच्या जंतूचं नीट भागत नसे, म्हणून अशी माणसं तगली, त्यांची लेकरं आपण. मला तुझा उत्क्रांतीचा तास आठवला: "निसर्ग शहाणा नाही, पोरींनो. तेव्हा तिथे जे चाललं, ते त्याने ठेवलं. पुढचं त्याला काय ठाऊक?" हिवतापाची दलदल मागे राहिली, रक्त मात्र बरोबर आलं. त्यात माणसाने परवा-परवा ही गोळी काढली.

मग बाईंनी आणखी एक सांगितलं, आणि ते ऐकल्यापासून मला चैन नाही. हे आयांकडून येतं. मुली बहुधा नुसत्या पुढे नेतात, भोवतं ते मुलग्यांना. तुझ्याकडून माझ्याकडे, माझ्याकडून लेकीकडे. म्हणजे तुझा कांद्याचा प्रयोगही चुकलाच होता, आई. ग्रहणात कांदा चिरलास, ही एक गोष्ट तशीच ठेवलीस. दुसरी आपोआप बदलली होती, मी मुलगी होते. मलाही तू तुझ्या आईच्या ट्रंकेतलंच, याच गोळ्यांच्या वासाचं लुगडं गुंडाळलं होतंस, मला काही झालं नाही, आणि लुगड्यावर तुझा कधी संशयच गेला नाही.

दादाचं रक्त कुणी तपासलं नव्हतं. तेव्हा सिद्ध काहीच होत नाही, हे तूच आधी म्हणाली असतीस. पण मला वाटतं, त्याचंही हेच झालं असणार, आणि पक्कं वाटतं. "उत्तर आवडलं नाही म्हणून प्रश्न बदलायचा नाही," हेही तुझंच. तू इथे असतीस, तर माझ्या तोंडाकडे बघून सगळं काढून घेतलं असतंस, आणि मग दादाला गुंडाळलेल्या त्या लुगड्याचं काय केलं असतंस कोण जाणे.

उरलेलं लुगडं धुऊन उन्हात टाकलं आहे. त्याला आता कसलाच वास नाही. हे पत्र घडी करून तुझ्या ट्रंकेत ठेवते, तुझा पत्ता मिळाला असता तरी टाकलं नसतं. तू गेलीस तेव्हापासून तू हवी होतीस असं रोज वाटत आलं. या आठवड्यात पहिल्यांदाच वाटलं, बरं झालं, तू नाहीस.