हॉर्न दाबायला दुसरा माणूस

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, निवृत्त ड्रायव्हिंग शिक्षिका, जिला सगळा मोहल्ला 'क्लचबाई' म्हणून ओळखतो, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्या मर्जीने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. दबाव कोणाचाही नाही. माझ्यावर दबाव टाकणारा माणूस अजून जन्माला यायचाय. उद्या सकाळी माझ्या हृदयाची झडप बदलणार आहेत. डॉक्टर म्हणाले, काळजीचं काही कारण नाही. हेच वाक्य मी घाबरलेल्या विद्यार्थ्यांना सांगायचे, त्यामुळे त्याची किंमत मला ठाऊक आहे.

१. राहती जागा आणि बँकेतली शिल्लक माझ्या भाचीला, म्हणजे धाकट्या भावाच्या मुलीला. बापाला उंबरठा ओलांडू द्यायचा की नाही, ते तिचं तिने ठरवावं.

२. हत्यारांची पेटी कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याला. त्याने माझा दहा नंबरचा पाना नेला तो परत केलाच नाही. आता त्याच्याकडे पेटी पुरी होईल.

(इथे उठून खाली गाडीपाशी जाऊन आले. साक्षीदार म्हणून बसलेले औषधवाले शेजारी म्हणतात, "ताई, जरा एका जागी बसा हो." बसवत नाही.)

३. वडिलांची काळी गाडी. हिच्यावर आम्ही बहीणभावाने अर्ध्या शहराला गाडी शिकवली. मी शिकवायचे, धाकटा इंजिन सांभाळायचा. शाळा बंद केली त्या दिवशी तो म्हणाला, "ताई, विकून टाकू. हॉर्नसुद्धा वाजत नाही, नुसतं भंगार झालंय." मी म्हटलं, "उतर खाली." तो उतरला. मागच्याच गल्लीत राहतो, पण आजतागायत तोंड दाखवलेलं नाही. मीही बोलावलं नाही. माझं काय अडलंय?

अडलंय ते हॉर्नचं. फ्यूज ठीक, वायरी ठीक. एकाने आत बसून स्टिअरिंगवरचं बटण दाबायचं आणि दुसऱ्याने बॉनेटखाली तपासायचा दिवा धरून तो लागतो का बघायचं, एवढंच काम. पण त्याला माणसं दोन लागतात. सीट आणि बटणाच्या मध्ये छत्री अडकवून पाहिली. मी पुढे पोचेपर्यंत छत्री सुटते मेली.

गाडी मी धाकट्यालाच देते. विकायची नाही आणि हॉर्न दुरुस्त करायचा, या अटी. पण मी गेल्यावर तो हॉर्न वाजवणार आणि मला ऐकू येणार नाही, याचा मला आत्ताच संताप येतोय. मला तो आज ऐकायचाय. खरं सांगायचं तर मला धाकट्याला आज बघायचंय. वकीलबाई हे वाक्य खोडा म्हणतील. मी खोडणार नाही.

४. साक्षीदार दोन: औषधवाले आणि वरच्या मजल्यावरचे शिंपी. ज्याला काही मिळणार त्याने साक्षीदार म्हणून सही करायची नाही, केली तर त्याला दिलेलं बाद, असं वकीलबाईंनी बजावलंय. शिंपी अजून आलेले नाहीत. तोवर कागद घेऊनच पुन्हा खाली जाते.

(पुढचं परत वर येऊन लिहितेय. हात काळे आहेत. कागदावरचे डाग माझेच समजावेत.)

बॅटरीवरून सरळ हॉर्नला वायरी जोडल्या. असा काही बोंबलला की कबुतरं उडाली! म्हणजे हॉर्न शाबूत आहे. वायरी काढतेय तोच मागून आवाज आला, "काय गं ताई, गल्ली उठवतेस की काय?"

"तू कशाला आलास?"

"वडिलांच्या गाडीचा आवाज मला कळणार नाही होय?"

"मग बस आत आणि दाब."

त्याने दाबलं. दिवा लागला नाही. त्याने स्टिअरिंगचं चाक जरा उजवीकडे वळवून दाबलं, तर दिवाही लागला आणि हॉर्नही वाजला. सरळ केलं की पुन्हा मुका. धाकटा हसत सुटला. "तुझाच नियम, ताई! चाकं सरळ, दोनदा हॉर्न, मगच स्टार्टर. येणाऱ्या प्रत्येकाने चाक सरळ ठेवूनच दाबलं. बटणाखालची पितळी कडी चाकाबरोबर फिरते, ती तेवढ्या एकाच जागी जळलीय." आणि मी इतकी वर्षं चाक सरळ करूनच तपासत बसले होते.

मग मी उद्याचं सांगितलं. त्याचं हसणं थांबलं. कागद मागून घेतला, बॉनेटवर ठेवून सगळा वाचला, आणि मी अडवायच्या आत तळाशी शिंप्यांच्या जागी सही ठोकली.

ठिकाण: गाडीचं बॉनेट आणि माझं टेबल
दिनांक: ऑपरेशनचा आदला दिवस

मृत्युपत्र करणार: क्लचबाई (सही)

साक्षीदार १: औषधवाले शेजारी (सही)

साक्षीदार २: धाकटा भाऊ (सही)
ताई, मी साक्षीदार झालो, म्हणजे कलम तीन बाद. गाडी मला द्यायची असेल तर घरी परत ये आणि नवीन लिही. मी गाडी घेऊन दवाखान्याच्या दारात उभा असेन. चाक वळवूनच ठेवतो.