दादा, तुझा कॉम्प्युटर चालू होत नाहीये

नारीन, ४ फेब्रुवारी

प्रिय कुबातदादा,

कसा आहेस? पाय गोठत नाहीत ना? मोजे पोचले का? मी विणलेत. हसू नकोस, शिकले मी.

इकडे सगळं ठीक. नदी वरून गोठलीये. गाय व्याली, वासराच्या कपाळावर पांढरा ठिपका आहे. आई बालवाडीतल्या चाळीस पोरांचं जेवण करून येते आणि घरी आल्यावर म्हणते, आता मला कोणी जेवायचं विचारू नका. मग स्वतःच चहा ठेवते आणि कणकेचे बोरसोक तळते.

तुझं पत्र मिळालं. मे महिन्यात सैन्यातून सुटल्यावर तू सरळ बिश्केकला जाणार, तुझ्या दोस्ताच्या, रुस्तमच्या खोलीवर राहणार. रुस्तम पिकअप घेऊन येईल, त्याला कॉम्प्युटर द्यायचा. घरी यायचं कुठेच लिहिलं नाहीस. मी पान उलटून पाहिलं, मागे पण नव्हतं.

आईला वाचून दाखवताना तेवढं गाळलं. ती म्हणाली, "अजून काय लिहिलंय?"

"थंडी आहे म्हणतो."

"एवढं पानभर थंडीच?"

"खूप आहे म्हणे."

असो. तू सांगितलंस म्हणून रुस्तमला द्यायच्या आधी कॉम्प्युटर लावून पाहिला. दादा, तो चालू होत नाहीये. म्हणजे बटण दाबलं की पंखे फिरतात, आतले निळे दिवे लागतात, पण स्क्रीन काळीकुट्ट. आणि आतून लांब लांब शिट्ट्या मारतो. मी घाबरून वायरच काढली. पण गंमत ऐक. त्याच दिवशी दुपारी परत लावला तर मुकाट्याने चालू झाला! दुसऱ्या दिवशी सकाळी परत शिट्ट्या.

जाताना तू म्हणाला होतास की सिर्गा, ह्याला हात लावलास तर याद राख. मी फक्त बटणाला लावलाय, शप्पथ. पण आता उघडून बघू का? प्लीज, प्लीज. मी ढीगभर व्हिडिओ पाहिलेत. रॅम म्हणजे काय, कुठे बसते, सगळं पाठ आहे. नाहीतर तूच ये आणि दुरुस्त कर. मला तर हेच जास्त आवडेल.

तुझी,
सिर्गा


नारीन, २० फेब्रुवारी

प्रिय दादा,

परवानगीबद्दल थँक्यू! तुझ्या पत्रात इतक्या सूचना होत्या की आईला वाटलं सैन्याचं काही महत्त्वाचं आलंय. 'वायर काढ, मग बटण दाबून उरलेली वीज जाऊ दे, लोकरीचा स्वेटर काढ, आधी लोखंडाला हात लाव.' सगळं केलं. स्वेटर काढून कुडकुडत बसले होते. आई आली आणि म्हणाली, "ह्याच्यापुढे काय अंग उघडं टाकून बसलीस? पाहुणा आहे का तो?"

"आई, लोकरीतून वीज जाते आणि रॅम जळते."

"मग त्याला सांग गरम घरात राहायचं तर लोकर सहन कर."

दोन्ही रॅमच्या पट्ट्या काढल्या. एकेक करून लावून पाहिल्या. पहिली एकटी, दुसऱ्या खाचेत: चालू. दुसरी एकटी, त्याच खाचेत: शिट्ट्या. मला वाटलं, सापडला चोर! पण दुपारी तीच दुसरी पट्टी त्याच खाचेत मुकाट चालली. मग तू सांगितलेली ती नाण्याएवढी बॅटरी काढून परत बसवली, म्हणजे त्याने जुन्या सेटिंग विसराव्यात. विसरला, घड्याळसुद्धा विसरला. पण शिट्ट्या विसरला नाही.

मग वैतागून बाजारात स्लाविकच्या टपरीवर घेऊन गेले, ढकलगाडीवर ठेवून, ब्लँकेटात गुंडाळून. रस्त्यात दोन बायकांनी विचारलं की बाळ कोणाचं. स्लाविकने झाकण न उघडताच सांगितलं, "मदरबोर्ड मेला. पुरून टाक."

मी म्हटलं, "मेलेला रोज दुपारी उठून बसतो का?"

"काही काही बसतात," म्हणाला. "माझे सासरे बसतात." आणि स्वतःच इतका हसला की मी गाडी वळवून परत आले.

पण येताना डोक्यात आलं. दुपारी का? दुपारी काय वेगळं असतं? दुपारपर्यंत चूल पेटलेली असते! खोली गार असली की शिट्ट्या, गरम झाली की चालू. गरम असताना मी मेमरीची पूर्ण तपासणी चालवली, दोन्ही पट्ट्या लावून, शाळेचा अभ्यास होईपर्यंत. एकही चूक निघाली नाही. म्हणजे पट्ट्या चांगल्या आहेत, मदरबोर्डही जिवंत आहे, गडबड फक्त दोघांच्या मधे आहे. पट्टीचे ते सोनेरी दात खाचेला नीट टेकत नाहीयेत. बरोबर ना? सांग ना बरोबर!

पट्टी खिडकीपाशी नेऊन पाहिली. दात सोनेरी नाहीत आता, तपकिरी झालेत. वर चिकट थर आहे. गारठला की कडक होतो, तापला की मऊ. खाचांमध्ये तेच, पंख्यांच्या पात्यांवर तेच. वाससुद्धा येतो. कसला ते मला वाटतंय की कळलंय, पण आत्ता लिहीत नाही. आधी खात्री करते.

रुस्तमचा फोन आला होता. रस्ता मोकळा झाला की येतो म्हणाला. मी म्हटलं, अजून बिघडलेला आहे. खोटं नव्हतं ते.

तुझी,
सिर्गा


नारीन, ६ मार्च

प्रिय दादा,

काल शाळा लवकर सुटली. घरी आले तर दारातच आर्चाच्या लाकडाचा धुपासारखा वास. आई तुझ्या खोलीत होती. कॉम्प्युटर चालू केलेला, बाजूची काच काढून भिंतीला टेकवलेली, आणि आई छोट्या तव्यावर आर्चाच्या काड्या जाळून त्याला धुरी देत होती. बाळाची दृष्ट काढतात तशी, त्याच्याभोवती तवा फिरवत. "अलास, अलास, वाईट ते जाऊ दे, चांगलं ते राहू दे." आणि पंखे तो सगळा धूर आत ओढत होते.

मी किंचाळलेच, "आई! काय करतेस!"

ती दचकली, पण तवा खाली ठेवला नाही. "ओरडू नकोस. बघ कसा आत घेतो. त्याला आवडतो."

"कधीपासून चाललंय हे?"

"दर आठवड्याला देते. तू शाळेत असतेस तेव्हा."

"पण कॉम्प्युटरला का? घराला दे, गाईला दे!"

तेव्हा तिने तवा ठेवला. मग म्हणाली, "त्याच्या हाताचं दुसरं काय आहे ह्या घरात?"

दादा, ह्यापुढचं मी तुला इतके महिने लिहीत नव्हते, कारण आईने शपथ घातली होती. तू सैन्यात निघालास तो दिवस तुला आठवत असेलच. आई म्हणाली होती की ह्या डब्याने माझा मुलगा गिळला, नदीत टाकते ह्याला. तू बॅग उचललीस. निघताना एक घास चावून जायचा म्हणून ती नान घेऊन दारात उभी होती, तू चावला नाहीस. 'असल्या जुन्या गोष्टींवर माझा विश्वास नाही' म्हणालास आणि ट्रकमध्ये चढलास. शेजारच्या आल्माझने चावलेला नान त्यांच्या भिंतीवर टांगलेला आहे. त्याची आई रोज त्याच्याखाली बसून चहा पिते. मुलगा येणार आणि उरलेला खाणार, त्यांच्या घरात ह्यावर बोलायचीसुद्धा गरज पडत नाही. आपल्या आईकडे टांगायला काही नव्हतं. तो नान तिने टेबलावर ठेवला, वाळून दगड झाला तरी हलवू देईना. शेवटी स्वतःच भिजवून गाईला घातला.

मग धुरी सुरू झाली. ज्याला नदीत टाकणार होती त्यालाच. काच काढायची कशी, बटण कुठलं, हे ती तुझ्याकडे बघून शिकली होती. तुला वाटायचं ती फक्त चिडायला यायची खोलीत.

मी तिला सांगितलं की ह्या धुरानेच तो बिघडला. तिचा चेहरा असा झाला की मला वाटलं, उगाच सांगितलं. म्हणाली, "म्हणजे मीच?" मग नर्स असलेल्या शेजारणीकडून स्पिरिट मागून आणलं. शेजारणीने विचारलं कोणाला लागलं, तर ही म्हणाली, "मोठ्याला."

आम्ही दोघींनी मिळून साफ केला. मी पट्ट्यांचे दात मऊ कापडाने पुसले, खाचांमधे स्पिरिट लावलेला मऊ ब्रश फिरवला. पंख्यांची पाती आईने पुसली, एकेक, पोरांची नाकं पुसते तशी. रात्रभर वाळू दिला. आज सकाळी चूल पेटवायच्या आधी, खोलीत तोंडातून वाफ निघत असताना बटण दाबलं. एक छोटी शिट्टी. स्क्रीन उजळली. दोन्ही पट्ट्या मोजल्या त्याने, पूर्ण मेमरी! मी नाचले. आई म्हणाली, "झाला बरा? मग आता तो घेऊन जाईल ना, तो पिकअपवाला?"

तिला माहीत होतं, दादा. रुस्तमच्या आईने बाजारात केव्हाच सांगितलं होतं. मी गाळून वाचत होते आणि ती ऐकून घेत होती.

आणि मोजे मी नाही, आईने विणलेत. दोन्ही एकाच मापाचे आहेत, तेव्हाच तुला कळलं असेल.

अजून बिघडलेलाच आहे असं मी तुला लिहू शकले असते. रुस्तम आला नसता, तुला यावं लागलं असतं. खूप मोह झाला. पण तो चालतोय आणि अगदी छान चालतोय. रस्ता पुढच्या आठवड्यात मोकळा होईल म्हणतात. रुस्तमला काय सांगायचं ते तूच कळव.

ह्याच्यासोबत पार्सल आहे. मी दह्याचं वाळवलेलं कुरुत आणि सुकामेवा भरत होते, तेवढ्यात आई आली. तिने नवीन नान भाजला होता, जाडसर, प्रवासात तुटणार नाही असा. फडक्यात बांधून माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाली, "मी काही म्हणत नाही. त्याचा विश्वास नाही तर नाही." आणि गाईकडे निघून गेली. आज दूध काढायला तिला फारच वेळ लागला.

तुमच्याकडे जेवण कमी देतात हे मला माहीत आहे. तरी दादा, कितीही भूक लागली तरी अख्खा खाऊ नकोस. एक घास घे आणि बाकीचा परत पाठव. खिळा मी ठोकून ठेवलाय.

तुझी वाट बघणारी, आणि आईच्या वतीनेही, तिला न विचारता,

सिर्गा