तळ्याकाठचा कलाकट्टा

३ जानेवारी

बाक गेले! तळ्याकाठचे आमचे बाक! सकाळी हिची चाकाची खुर्ची ढकलत बागेत पोचलो, तर जागेवर खड्डे आणि शेजारी फलक – 'नागरी कला व मुक्त क्रीडा संवर्धन प्रकल्प'. नाव वाचतानाच धाप लागली.

माळी म्हणाला, "आजोबा, कलाकट्टा होतोय इथं. तुमच्यासाठीच की!"

माझ्यासाठी? मला विचारले कोणी?

११ जानेवारी

उभ्या उभ्याच कविता म्हटली. चौथीच्या पुस्तकातली –

नदीकाठच्या वाळूवरती पाउल माझे ओले,
मागे वळुनी पाहिन तोवर कोणी पुसुनी –

इथे मी थांबतो. 'नेले' हिने म्हणायचे. लग्न झाल्यापासूनचा आमचा खेळ. मी शेवटचा शब्द गिळायचा, हिने पुरवायचा – भाजी चिरताना, कपडे वाळत घालताना, एकदा तर माझ्याशी भांडताना! पावसाळ्यात हिला झटका आला. उजवा हात गेला, आणि शब्द गेले. डॉक्टर म्हणाले, "येतीलही. ओळखीचं काही कानावर पडत राहू द्या." म्हणून रोज म्हणतो, रोज थांबतो.

ही तळ्याकडे बघत राहते.

२ फेब्रुवारी

कट्टा तयार. मागच्या भिंतीवर माणसेच माणसे रंगवली आहेत, पण एकालाही नाक नाही! चित्रकार मुलीला विचारले. म्हणाली, "काका, नाक ज्याचं त्यानं कल्पायचं."

उत्तम! उद्या दूधवाला रिकामी पिशवी देईल आणि म्हणेल, दूध कल्पा.

आमच्या शाळेत चित्रकलेच्या तासाला नाक विसरले की कान पिळत.

९ फेब्रुवारी

शिट्टीबाई अवतरल्या. पालिकेने नेमलेल्या व्यायामशिक्षिका. गळ्यात शिट्टी, अंगभर पोपटी रंग, हातात माईक. समोर कॉलनीतली खाऊन-पिऊन सुखी पोटे रांगेत उभी. बाई म्हणतात –

हात वर, हात खाली,
पोटावरची चरबी पळाली!

ना छंद, ना वृत्त. यमक आहे म्हणावे, तर तेही कॉलर धरून ओढत आणलेले. आमच्या मास्तरांनी असल्या ओळीला अंगठे धरून उभे केले असते. माझी वाळू, माझी नदी सगळी त्या गोंगाटात बुडाली. हिची खुर्ची पार झाडांमागे नेली. तिथेही चरबी पळतेच आहे!

लेक म्हणते, "बाबा, आईला गंमत वाटत असेल."

गंमत! हिला? अर्धे पुस्तक जिला तोंडपाठ होते तिला?

१० फेब्रुवारी

पालिकेत तक्रार दिली. शेजारच्या वकीलसाहेबांनीही सही ठोकली. कारकून म्हणाला, "तुमचा विरोध व्यायामाला की गाण्याला?"

म्हटले, "गाणे असते तर विरोध कशाला केला असता?"

वकीलसाहेब खूश. येताना त्यांनीच चहा पाजला.

१५ फेब्रुवारी

मी दाढी करत होतो तेवढ्यात लेकीने हिला परस्पर बागेत नेले. तणतणत मागून गेलो.

शिट्टीबाई माईक बाजूला ठेवून हिच्या खुर्चीसमोर बसल्या होत्या. हिचा डावा हात धरून वर, खाली. वर, खाली. "पोटावरची चरबी –"

आणि थांबल्या. मी थांबतो तश्शा!

"पळाली," ही म्हणाली.

लेक रडायला लागली. मी? खरे लिहितो – आधी रागच आला. इतके महिने मी नदी वाहवली, आणि हिने उचलले काय, तर चरबी!

मग घरी येऊन न्हाणीघरात नळ सोडून उभा राहिलो. बराच वेळ.

१६ फेब्रुवारी

नदीकाठ म्हटला. थांबलो. ही तळ्याकडे बघत राहिली.

पलीकडे शिट्टी वाजली, तशी हिने मान वळवली.

२० फेब्रुवारी

पालिकेचे उत्तर आले. 'आपल्या तक्रारीची तातडीने दखल घेऊन सदर वर्ग बंद करण्यात येत आहे.' आयुष्यभर या पालिकेला तातडी माहीत नव्हती, आणि आत्ताच सुचली! शिट्टीबाईंना शहराच्या दुसऱ्या टोकाला धाडले म्हणे. हिला घेऊन तिथवर जाणे शक्य नाही.

धावत गेलो तक्रार मागे घ्यायला. तोच कारकून. "आजोबा, बंद करायला सही पुरते. चालू करायला ठराव लागतो."

"मग करा ठराव!"

"पुढच्या वर्षीच्या अंदाजपत्रकात बघू."



२१ फेब्रुवारी

कट्ट्यावर चढलो. गुडघे कुरकुरले. पाठीशी ती बिननाकाची माणसे, समोर खुर्चीत ही. माळी पाण्याची नळी तशीच धरून बघत राहिला. वकीलसाहेब फिरता फिरता थबकले.

हात वर. हात खाली. सगळ्या बागेला ऐकू जाईल असा ओरडलो, "पोटावरची चरबी –"

थांबलो.

"पळाली!" ही म्हणाली. मग डावा हात आपणहून वर केला आणि म्हणाली, "पुन्हा."