लखन तुमचाच की

इंदापूर,
मंगळवार, १५ जुलै २०२५

चि. युवराज भावजींना म्हाळसावहिनीचे आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक. गिरणीचा पट्टा बदलला, आता दळण बारीक येतं. आत्याबाईंचे गुडघे कसे आहेत? कन्हेरीला येऊन तेल चोळून द्यावं असं फार वाटतं, पण तुमच्या उंबऱ्याला पाय लावायचा नाही असं ठरवलंय.

परवा कन्हेरीहून दत्तोबातात्या गिरणीवर येऊन बसले. चहा नको म्हणाले, तेव्हाच ओळखलं की तुम्ही धाडलंय. म्हणाले, "पोरी, सोमवारी कॉलेजच्या हापिसात फकस्त व्हय म्हण. लखन माझा दत्तक हाय म्हण. तुझं काय जातंय?"

काय जातंय ते तुम्हाला चांगलं ठाऊक आहे. त्या कॉलेजात शहीद जवानाच्या एकाच मुलाला राखीव जागा आणि फी माफ. गेल्या वर्षी तुमच्या पोटच्या लखनला ह्यांचा दत्तक मुलगा दाखवून ती तुम्ही लाटलीत. यंदा छकुली चांगल्या गुणांनी पास होऊन रांगेत उभी राहिली, तर खिडकीतले साहेब म्हणाले, "तुमच्या भावानं घेतलीय की ती जागा." माझ्या पोरीला भाऊ झालाय हे मला तिथं कळलं. मी तक्रार केली, म्हणून ही सोमवारची चौकशी.

ह्यांना गावात आणलं तो दिवस आठवतो का? छकुली ओल्या कपड्यांनी पुढं झाली होती. बापाला अग्नी मीच देणार म्हणत होती. तुम्ही तिचा दंड धरून मागं ओढलंत. सगळ्या गावादेखत म्हणालात, "पोरीच्या जातीनं अग्नी द्यायचा न्हाय, वहिनी. आमचा लखन हाय. लखन तुमचाच की." मी पदर तोंडात कोंबला. पोरीच्या दंडावर तुमची बोटं उमटली होती. ती मी विसरले नाही, भावजी. रोज दळताना आठवतात.

तर तात्यांना मी शब्द दिलाय. सोमवारी मी होय म्हणणार.

घाबरू नका, पुरतं वाचा. इथल्या वकीलबाईंना विचारून घेतलंय. दिलेलं पोर परत आपलं म्हणता येत नाही. तुमच्या रानात लखनला हिस्सा राहणार नाही. त्याच्या लग्नाच्या पत्रिकेत बाप म्हणून ह्यांचं नाव छापलं जाईल, तुमचं काका म्हणून, खाली, बारीक अक्षरात. तो इंदापुरात माझ्याकडं राहील. पोरगा गुणी आहे, तुमच्यावर गेला नाही. आणि तुमचे डोळे मिटतील तेव्हा अग्नी द्यायला त्याला मी पाठवणार नाही. तुम्हाला दुसरा मुलगा नाही, हे काही मी केलेलं नाही. पोरीच्या जातीनं तर द्यायचाच नाही. बघा कोण मिळतं ते.

छकुलीची जागा गेली तर माझं काळीज जळेल, खोटं कशाला सांगू? पण तुमचं जळताना बघायला मिळणार असेल तर तेवढं सोसायची माझी तयारी आहे. छकुलीला विचारलं. ती म्हणाली, "आई, तू म्हणशील तसं. पण काकाला आधी इचार, पोरगा देतोस का म्हणून."

म्हणून विचारते. लखन नक्की कोणाचा, ते सोमवारच्या आत हापिसात जाऊन तुमच्या तोंडानं सांगा. आमचाच आहे, कागद खोटा केला, एवढं म्हणालात की त्याची जागा छकुलीची. तसं म्हणाला नाहीत तर सोमवारी हापिसात होय म्हणून मी येते, आणि उंबऱ्याबाहेरूनच त्याची अंथरूण-पांघरुणाची वळकटी घेऊन परत जाते. जाऊबाईंना वळकटी बांधून ठेवायला सांगा. त्या रडतील. मीही रडले होते.

तुम्ही तोंड उघडेपर्यंत,

लखनची आई,
म्हाळसा